कॅन्सरच्या यादीत बीड-धाराशिव सगळ्यात खाली. खूश व्हायचं का?

बालाघाट (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

मी धाराशिवला ज्युनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. मूळ गाव भूम तालुक्यात. 'संख्या' आणि 'दर' यांतला फरक शिकवायला घरचं उदाहरण हवं होतं, म्हणून आयसीएमआरचा २०२० सालचा कॅन्सर नोंदणीचा अहवाल उघडला. आकडे २०१२ ते २०१६ मधले. देशभरातल्या नोंदणी केंद्रांची त्यात उतरंड लावलीय. पुरुषांत सगळ्यात वर मिझोरामचा ऐझॉल जिल्हा, वयाचा हिशोब जुळवून दर लाखामागे वर्षाला २६९.४ नवे रुग्ण. तळाला कोण? उस्मानाबाद आणि बीड, ३९.५. बायकांतही तळाला आपणच, ४९.४. तिथं वर अरुणाचलचा पापुम पारे, २१९.८.

वर्गात वाचून दाखवलं तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. यादीत शेवटचा नंबर येऊन टाळ्या मिळायची वेळ मराठवाड्यावर कधी येते? मागच्या बाकावरून एकजण म्हणला, "सर, टँकरचं पाणी मानवलं."

मला मात्र काका आठवले.

किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षीची गोष्ट. काका बावन्न वर्षांचे. बंडीच्या खिशात कायम खाण्याच्या सोड्याची पुडी. दोन घास खाल्ले की "भरलं पोट" म्हणून ताट सरकवायचे. काकू चतकोर भाकर दुधात कुस्करून द्यायची, तीही निम्मी कुत्र्याला जायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी दीड वर्ष पित्ताच्या गोळ्या दिल्या. शेवटी शेवटी शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं, पण हे काकांनी कुणाला सांगितलंच नाही, काकूला गोठ्यामागं दिसलं तेव्हा कळलं. पोळ्याच्या आठवड्यात गेले. त्यांच्या पोटात दुर्बीण कधी गेलीच नाही. घरात आजही "पित्तानं गेले" असंच म्हणतात.

मी डॉक्टर नाही. पण गेले दोन महिने जठराच्या कॅन्सरवर जे सापडेल ते वाचतोय. जगात २०२२ साली सुमारे २ कोटी लोकांना नव्यानं कॅन्सर झाला, ९७ लाख गेले. त्यात जठराच्या कॅन्सरचे नवे रुग्ण साधारण ९ लाख ७० हजार आणि मृत्यू ६ लाख ६० हजार. दोन्ही याद्यांत पाचवा नंबर. जपान, कोरिया, मंगोलिया इकडं सगळ्यात जास्त. पुरुषांत बायकांच्या जवळपास दुप्पट. आणि मुख्य कारण म्हणून एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. फ्रान्समधल्या ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९४ मध्येच त्याला पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंगतीला बसवलंय.

माझी अडचण इथंच आहे. हा जंतू आपल्याकडं घराघरात आहे. मग आपला आकडा एवढा कमी कसा? कॅन्सर खरंच कमी, का मोजणारा कमी?

---

खुरपं | सोमवार, रात्री १०:४०

सर, यादीत खाली आलो म्हणून अनुदान तर कापणार नाहीत ना?

(काकांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या परंड्याकडं असे 'पित्तानं गेलेले' प्रत्येक भावकीत दोन तरी निघतील.)

---

पाटोदेकर | सोमवार, रात्री ११:०५

मोजणारा कमी. विषय संपला.

जरा विस्तारानं सांगतो. बीड जिल्ह्यातली निम्मी तरणीताठी माणसं दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. फडावर पोटात दुखलं तर मुकादम गोळी देतो. फार झालं तर तिथल्याच दवाखान्यात. गावी परत येतो तो पाडव्याला, निम्मा होऊन. त्याची नोंद कुठं करणार, बीडला की कारखान्याला? ज्याच्याकडं पैसे आहेत तो सोलापूर, पुणे, नाहीतर मुंबईला टाटाला. तुमचा ३९.५ म्हणजे जे सापडले ते. जे सापडले नाहीत त्यांचा आकडा कोण लिहिणार?

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ६:५०

लातूरला पॅथॉलॉजिस्ट आहे. वीस वर्षं इतरांच्या पोटाचे तुकडे बघतोय, म्हणून थोडं लिहितो.

आधी जंतूबद्दल. दुर्बिणीतून काढलेला तुकडा मोहरीएवढा असतो. त्याच्या पातळ चकत्या करून गिम्सा नावाच्या रंगात बुडवल्या की जठराच्या अस्तरावरच्या चिकट थरात हे जंतू दिसतात. बारीक, वाकडे, पाटोदेकरांच्या भाषेत सांगायचं तर कोयत्यासारखे. जठरातल्या आम्लात काही जगत नाही असं आम्हाला कॉलेजात छातीठोक शिकवलं होतं. हा पठ्ठ्या युरिएज नावाचं विकर सोडतो, त्यातून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारून आरामात राहतो.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना तो १९७९ मध्ये तुकड्यांत दिसू लागला. पुढं बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत आला. प्रयोगशाळेत जंतू वाढेचना, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बश्या फेकून द्यायची पद्धत. १९८२ च्या ईस्टरला सुट्ट्या लागून आल्या, बश्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. तरी कुणी ऐकेना. मग १९८४ मध्ये मार्शलनं तो जंतू वाढवलेला रस्सा स्वतःच प्यायला. थोड्याच दिवसांत उलट्या, तोंडाला वास, आणि दुर्बिणीत जठराला सूज. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. मात्र त्याला सूज आली, अल्सर किंवा कॅन्सर झाला नव्हता. समाजमाध्यमांवर ही गोष्ट फुगवून फिरते म्हणून सांगितलं.

सुजेपासून कॅन्सरपर्यंतची वाट पेलायो कोरेया यांनी आखून दिली. कोलंबियातले पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे आमच्या बिरादरीतले, त्यामुळं जरा जास्त प्रेम. आधी वर्षानुवर्षं सूज. मग अस्तर झिजतं, आम्ल करणाऱ्या ग्रंथी कमी होतात. मग जठराच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात. आमच्या स्लाइडवर त्या पेल्याच्या आकाराच्या पेशी चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारख्या ओळखू येतात. मग पेशींची ठेवण बिघडते आणि त्यातून काहींना कॅन्सर. या वाटेला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात आणि बहुतेक लोक मधल्याच कुठल्यातरी मुक्कामाला थांबतात. जंतू असलेल्या शंभरांतल्या एक ते तिघांनाच कॅन्सर होतो.

म्हणजे बालाघाट यांच्या प्रश्नाचा अर्धा भाग असा: जंतू घराघरात असणं आणि कॅन्सर घराघरात असणं यात पुष्कळ अंतर आहे. बाकी अर्धा दुपारी. सॅम्पलं वाट बघताहेत.

---

सुगरण_नांदेड | मंगळवार, सकाळी ९:३०

बाई गं, सकाळी सकाळी रस्सा प्यायला म्हणे!

मला एक विचारायचंय. आमच्याकडं ठेच्याशिवाय घास उतरत नाही. सासूबाई मिरच्या खरड्यासाठी तव्यावर करपवतात, वर खडेमीठ. वर्षाचं लोणचं, सांडगी मिरची, खारातली मिरची वेगळीच. त्यानं पोटात काही होतं का? शेजारच्या डॉक्टरीणबाई "तिखट बंद" एवढंच सांगतात.

---

सिस्टरताई | मंगळवार, दुपारी १:१५

पाटोदेकर, तुमचं म्हणणं निम्मं पटलं, निम्म्यावर भांडते.

मी परंडा तालुक्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. आता अंबाजोगाईला लेकीकडं असते. तुम्ही म्हणता मोजणारा नाही. मी मोजणारे डोळ्यांनी बघितलेत. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ ला सुरू झाली, खेड्यापाड्यांसाठी अशी देशातली पहिलीच. तिच्यात बार्शी तालुका सोलापूरचा, पण परंडा आणि भूम आपले. शहरातली नोंदणी दवाखान्यातले कागद गोळा करते. इथं कागदच नव्हते, म्हणून ही माणसं गावात यायची.

एक जीप यायची. त्यातून दोघंजण उतरायचे, बगलेत लांबट वह्या. आधी सरपंच, मग मास्तर, मग तलाठी. पारावर बसून विचारायचे: कुणाला गिळताना अडकतंय का, कुणाच्या बाईला अंगावरून जातंय का, तोंडात न भरणारी जखम आहे का, गेल्या सहा महिन्यांत कोण वारलं आणि कशानं. संशय वाटला की त्या माणसाला समजावून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला न्यायचे. बायका अंगावरून जाण्याचं त्यांच्यापुढं बोलायच्या नाहीत, मग मला मध्ये बसवायचे. मी पदराआड विचारायची, ते वहीत टाकायचे.

तेव्हा कळलं की आमच्या भागात बायकांत सगळ्यात जास्त गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. पुढं याच उस्मानाबाद जिल्ह्यात, ल्योंच्या त्याच संस्थेसोबत मोठा अभ्यास झाला, १,३१,७४६ बायकांचा. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, एकच चाचणी एकदा केलेल्या गावांत त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ ला अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या साप्ताहिकात छापून आलं. जगातले डॉक्टर ते वाचतात, आणि आपल्याच पोरांना माहीत नाही की आपल्या आज्या त्यात होत्या.

तेव्हा आकडा कमी तो निव्वळ आळसानं, असं म्हणू नका. घरोघरी फिरूनही तो कमीच भरला.

मात्र एक खरं आहे. तोंड उघडून बघता येतं. गर्भाशयाचं तोंड टॉर्च लावून बघता येतं. पोटाचं काय करणार? त्यासाठी दुर्बीण लागते, आणि जीपमध्ये दुर्बीण नव्हती.

---

बालाघाट | मंगळवार, दुपारी २:०२

सिस्टरताई, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार. परवानगी गृहीत धरतोय.

तुमच्या शेवटच्या ओळीनं माझा प्रश्न नीट मांडला गेला. सगळ्या कॅन्सरांचा आकडा मिळून कमी असणं एक, आणि पोटाच्या आतले कॅन्सर न दिसणं वेगळं. काका गेले ते १९९३ साली, भूम तालुक्यातच. वहीवाल्यांनी विचारलंच असेल तर कुणीतरी "पित्त" सांगितलं असेल आणि ते पुढच्या घरी गेले असतील. त्यांची काही चूक नाही.

---

पाटोदेकर | मंगळवार, दुपारी ३:२०

जीपचं माहीत नव्हतं. शब्द मागं घेतो, निम्मे.

ऊसतोडवाल्यांचं मात्र तसंच ठेवा.

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी ४:४५

आता उरलेला अर्धा.

जंतू भरपूर पण कॅन्सर कमी, हे कोडं फक्त आपलं नाही. आफ्रिकेत तेच, भारतात तेच. कोलंबियात कोरेयांना एकाच प्रांतात दोन्ही टोकं सापडली. नारिन्यो प्रांतात डोंगरावरच्या गावांत जठराचा कॅन्सर भयंकर, तिथून दोनेकशे किलोमीटरवर समुद्रकाठच्या तुमाकोत अगदी कमी, फरक सुमारे पंचवीसपट. जंतू दोन्हीकडं दहातल्या नऊ जणांत!

मग काय वेगळं? एक, जंतूची जात. किनाऱ्यावरचे लोक मुख्यतः आफ्रिकी वंशाचे आणि त्यांच्यातला जंतूही मुख्यतः आफ्रिकी. डोंगरातले लोक मूळ अमेरिकी वंशाचे, जंतू मात्र स्पॅनिश लोकांसोबत आलेला युरोपी. माणूस आणि जंतू पिढ्यान् पिढ्या एकत्र राहिले की एकमेकांना सांभाळून घेतात, परका जंतू जास्त नासधूस करतो, असं २०१४ च्या एका शोधनिबंधात मांडलंय. दोन, किनाऱ्यावरच्या पोरांच्या पोटात जंत जास्त. जंतांमुळं शरीराची सूज आणणारी यंत्रणा जरा मवाळ होते. तीन, खाणं. किनाऱ्यावर मासळी आणि फळं, डोंगरावर बटाटे आणि मीठ.

भारतात यातलं नक्की काय लागू पडतं यावर एकमत नाही. पण भारत म्हणजे एकच पोट आहे असं धरू नका. मिझोराममध्ये पुरुषांत जठराचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर. तिथं धुरावर सुकवलेलं मांस, आंबवलेली डुकराची चरबी, आणि तुइबुर, म्हणजे ज्यातून तंबाखूचा धूर सोडलाय ते पाणी चघळायची पद्धत. चेन्नईचा आकडा मुंबईपेक्षा जास्त.

सुगरणताई, ठेचा. मिरचीबद्दल पुरावा उलटसुलट आहे. मेक्सिकोतल्या एका अभ्यासात फार मिरची खाणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला, इतर ठिकाणी तसं ठाम निघालेलं नाही. मिठाबद्दल पुरावा बराच भक्कम. जास्त मीठ जठराचं संरक्षक अस्तर खरवडतं आणि जंतूचं काम सोपं करतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपण सहज त्याच्या दुप्पट जवळ जातो. तेव्हा मिरची करपवा, खडेमिठाची मूठ आवरा. लोणच्याची फोड ही फोडच राहू द्या, तिची भाजी करू नका.

सिगारेट-विडीनं जठराच्या कॅन्सरचा धोका साधारण दीडपट होतो हेही लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी "फक्त जंतू" म्हणायला नको.

---

खुरपं | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

म्हणजे जंताचं औषध घ्यायचं नाही?

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, संध्याकाळी ६:१४

घ्यायचं. गुपचूप.

---

दूरचा_उदगीरकर | मंगळवार, रात्री ९:०० (इकडं मध्यरात्र उलटलीय)

नऊ वर्षं जपानमध्ये नागोयाजवळ नोकरी. इथली एक गंमत सांगतो.

चाळिशी ओलांडली की कंपनीच्या वार्षिक तपासणीत पोटाचा फोटो येतो. फॅक्टरीच्या अंगणात बस उभी असते, बसमध्येच एक्स-रे. आधी एक कागदी पुडी देतात, तोंडात टाकली की फसफसून पोट फुगतं. लगेच हातात बेरियमचा पेला. दिसायला आणि चवीला भिंतीला द्यायचा चुना, त्यात कुणीतरी दह्याचा वास घातलेला. मग एका फळीवर उभं करतात, फळी आडवी होते, डोकं खाली पाय वर होतात. माइकवरून सूचना चालू: उजवीकडं वळा, पूर्ण गोल फिरा, ढेकर देऊ नका. ढेकर देऊ नका हे तर दर अर्ध्या मिनिटाला. पहिल्या वर्षी मी दिली. परत पुडी, परत पेला. नंतर दोन गुलाबी गोळ्या जुलाबाच्या, आणि दिवसभर पांढरं... जाऊ द्या, जेवणाची वेळ असेल तुमची.

हे सगळं कशासाठी, तर इथं जठराचा कॅन्सर पूर्वी भयंकर होता. उत्तरेकडच्या अकितासारख्या भागात खारवलेल्या भाज्या, खारवलेले मासे, मिसो, हिवाळा त्यावरच काढायचे. साठच्या दशकापासून या बस फिरतात. २०१३ पासून नुसती जंतूची सूज असली तरी उपचार सरकारी विम्यात. दुर्बीण २०१६ पासून अधिकृत तपासणीत आली. कोरियात तर चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी.

पण मला जास्त आवडलेली गोष्ट जुनी आहे. हेन्झेल आणि कुरिहारा या दोघांनी १९६८ मध्ये अमेरिकेत गेलेल्या जपान्यांचे मृत्यू तपासले. जे मोठेपणी बोटीनं गेले, त्यांनी जठराचा कॅन्सर जवळजवळ तसाच सोबत नेला. त्यांची तिकडं जन्मलेली मुलं मात्र त्यातून बरीच सुटली. म्हणजे पोटाचं नशीब लहानपणीच्या घरात ठरतं. तेव्हा हा जंतू कुणाला माहीतही नव्हता! आता कळतं, तो बहुतेकांना पाच-सात वर्षांच्या आतच घरच्यांकडून, बहुतेक वेळा आईकडूनच लागतो. माझ्या ऑफिसातल्या तरुण जपान्यांत तो दहात एखाद्याकडं असेल. त्यांच्या आजोबांच्या पिढीत बहुतेकांकडं होता.

माझ्याकडं होता हे सांगायलाच नको. उदगीरला आम्ही सात भावंडं, एक रांजण, एक तांब्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी विहिरीचं पाणी? म्हणलं, विहीर असली तर.

---

निसर्गमित्र | बुधवार, सकाळी ७:२०

एवढं जगभर फिरायची गरज नाही. आपल्याकडं कॅन्सर कमी याचं कारण स्वयंपाकघरात आहे. हळद! रोज सकाळी उपाशीपोटी हळदीचं पाणी घ्या, कुठलाही जंतू राहत नाही. जपान्यांनाही सांगा.

---

बालाघाट | बुधवार, सकाळी ८:०५

निसर्गमित्र, हळद चेन्नईतही खातात, आणि तिथला आकडा मुंबईच्या वर आहे हे आत्ताच डॉक्टरांनी लिहिलं. काचेच्या नळीत हळदीचा अर्क पुष्कळ काही मारतो, व्हिनेगरही मारतं. आमच्या काकांच्या सोड्याला दुधहळदीची जोड होती. रोज रात्री.

तीव्र झालं असेल तर क्षमस्व.

---

निसर्गमित्र | बुधवार, सकाळी ८:३०

काकांचं माहीत नव्हतं. माफ करा.

---

घाबरट_परळीकर | बुधवार, रात्री १०:५०

नवीन आहे. वाचनमात्र होतो, आज खातं काढलं कारण झोप येत नाही. गेल्या आठवड्यात लॅबच्या पॅकेजमध्ये रक्त दिलं, त्यात 'एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्ह' आलंय. वय ३४. पोटाचा काहीच त्रास नाही. लॅबवाला म्हणतो लगेच उपचार घ्या. धागा वाचून तर घामच फुटला. मला कॅन्सर होणार का?

---

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री ११:३०

आधी पाणी प्या.

रक्तातली ही चाचणी एवढंच सांगते की कधीतरी या जंतूची आणि तुमची भेट झाली होती. आज आहे की नाही ते सांगत नाही. आपल्याकडं ती अर्ध्याअधिक लोकांची पॉझिटिव्ह येईल, माझीही येईल. खात्री करायची तर श्वासाची चाचणी किंवा शौचाची. श्वासाच्या चाचणीत युरियाचं पाणी पाजतात. जंतू असला तर तो त्याच्या सवयीनं युरिया फोडतो, आणि खूण केलेला कार्बन तुमच्या श्वासातून बाहेर येतो. एका पिशवीत फुंकायचं, बस. त्याआधी दोन आठवडे पित्ताच्या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद हवीत, नाहीतर जंतू दबून बसतो आणि निकाल खोटा येतो.

जंतू निघालाच तर पोटाच्या डॉक्टरांना विचारून पूर्ण कोर्स घ्या. मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांची पुडी नको. चौदा दिवसांचा कोर्स पाचव्या दिवशी सोडणारे लोकच हा जंतू हट्टी करून ठेवतात. मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकला तर भारतातले बरेच जंतू आता जुमानतच नाहीत.

तुम्ही चौतिशीचे, त्रास नाही, घरात कुणाला हा कॅन्सर नसेल तर झोपा. खरी घाई कुणाला? वजन आपोआप उतरतंय, दोन घासांत पोट भरतंय, रक्त कमी होतंय, उलट्या होताहेत, गिळताना अडकतंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय. आणि आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला जठराचा कॅन्सर झालाय, त्यांचा धोका दोन-तीनपट.

बालाघाट, म्हणून विचारतो, काकांना मुलं आहेत?

---

बालाघाट | गुरुवार, सकाळी ६:३०

आहे. एकच चुलतभाऊ, पन्नाशीचा. गावी शेती करतो.

रात्री फोन केला होता. पित्ताची गोळी घेतोस का विचारलं. म्हणला, "रोज. का?"

---

दूरचा_उदगीरकर | गुरुवार, दुपारी १२:१०

सर, न्या त्यांना. तैवानच्या मात्सु बेटांवर २००४ पासून सगळ्या गावांना तपासून जंतूचे उपचार दिले. जंतू ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आला आणि जठराचा कॅन्सर निम्म्याहून खाली. औषधानं फरक पडतो.

---

पाटोदेकर | गुरुवार, दुपारी १:००

२०२५ मध्ये ल्योंवाल्यांचाच अंदाज आलाय. २००८ ते २०१७ मध्ये जन्मलेल्या जगभरातल्या पोरांपैकी १ कोटी ५६ लाखांना आयुष्यात कधीतरी जठराचा कॅन्सर होईल, काहीच केलं नाही तर. त्यातले ७६ टक्के या जंतूमुळं. चीन आणि भारत मिळून ४२ टक्के. दर कमी असला तरी माणसं एवढी, की संख्या मोठीच निघते. बालाघाट सर, तुमचा 'दर' आणि 'संख्या' हा धडा इथंच आहे की.

---

बालाघाट | दहा दिवसांनी, रविवार, रात्री ९:१५

धागा वर काढतोय.

भावाला संभाजीनगरला नेलं. येईना आधी. "कापूस वेचायचाय" म्हणला. सिस्टरताईंचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला, तेव्हा गाडीत बसला.

दुर्बिणीच्या खोलीबाहेर घशात फवारा मारला, जीभ जड झाली. डाव्या कुशीवर झोपवून दातांत प्लास्टिकची कडी दिली. मी दारातूनच बघत होतो. पाच-सात मिनिटांत सगळं उरकलं. पडद्यावर गुलाबी ओलं अस्तर, मध्ये मध्ये फिकट पट्टे. डॉक्टरांनी चार-पाच ठिकाणी चिमटे घेतले. बाहेर आल्यावर भावाचं पहिलं वाक्य, जड जिभेनं, "भाकर खाऊ का?" तिथल्या सिस्टर म्हणाल्या तासभर थांबा, घसा बधिर आहे, श्वासनलिकेत जाईल.

तुकड्याचा निकाल: कॅन्सर नाही. जंतू आहे. अस्तर काही ठिकाणी झिजलंय, एका तुकड्यात आतड्यासारख्या पेशी. सूक्ष्मदर्शी, तुमचे ते पाहुणे. चौदा दिवसांचा बिस्मथवाला कोर्स सुरू, दिवसाला गोळ्या मोजताना त्याचा हिशोब चुकतो म्हणून वहिनीनं कॅलेंडरवर टिंबं काढलीत. दुर्बीण पुन्हा कधी करायची तेही डॉक्टरांनी लिहून दिलंय.

येताना गावात थांबलो. ग्रामसेवक ओळखीचे, मृत्यूच्या नोंदीचं जुनं रजिस्टर काढून दिलं. ती ओळ सापडली. काकांचं नाव, वय ५२, आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात 'पोटदुखी'. फोटो काढलाय, इथं टाकत नाही.

---

सिस्टरताई | रविवार, रात्री ९:५०

असे रकाने मी पण भरलेत बाळा. 'ताप', 'म्हातारपण', 'पोटदुखी'. समोर मयताचा भाऊ उभा असायचा, तो जे सांगेल ते.

---

बालाघाट | मंगळवार, सकाळी ५:५५

सूक्ष्मदर्शी, जागे असाल तर लवकर. भावाचा आत्ता फोन. शौचाला काळं झालंय. गोठ्यामागंच बसलाय, रडतोय. काय करू? गाडी काढू का?

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ६:०१

बिस्मथनं होतं. औषधाचा रंग आहे, कोर्स संपला की जाईल. डांबरासारखं चिकट आणि फार दुर्गंधी आहे का, चक्कर येतेय का, घाम सुटलाय का, एवढं विचारा. त्यातलं काही असेल तर गाडी काढा. नसेल तर गोळ्या चालू ठेवा.

---

बालाघाट | मंगळवार, सकाळी ६:२०

चिकट नाही. चक्कर नाही. घाम नाही. वहिनी म्हणते, काल दोन भाकरी खाल्ल्या.

---

खुरपं | मंगळवार, सकाळी ६:४०

सर, आजचं टिंब काढायला सांगा वहिनीला.